प्रकल्प नोंदी: लोखंड आणि टायटॅनियममध्ये पेरलेला कार्बन

२४ जुलै २०२३

बीम टाइम (आयन मारणाऱ्या यंत्रावरचा वेळ) मिळाला, ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात. आज मॅडमशी बसून आराखडा पक्का केला.

धातू दोनच: टायटॅनियम आणि लोखंड. दोन्हींत कार्बनचे आयन घुसवायचे, मग निर्वात भट्टीत वेगवेगळ्या तापमानांना तासतासभर ठेवायचं आणि कुठलं कार्बाइड (धातू आणि कार्बनचं संयुग) कधी येतं, कधी जातं ते बघायचं. धातू मुद्दाम दोन टोकांचे घेतलेत. टायटॅनियम आणि कार्बन एकत्र आले की मोलमागे १८४ किलोजूल उष्णता बाहेर पडते, म्हणजे ही जोडी एकमेकांसाठी आसुसलेलीच. लोखंडाचं सिमेंटाइट (तीन अणू लोखंड, एक कार्बन) बनवायला उलट मोलमागे वीस-पंचवीस किलोजूल आपल्यालाच द्यावे लागतात. ते तत्त्वतः टिकाऊ नाहीच, पुरेसा वेळ मिळाला तर त्याचं लोखंड आणि ग्राफाइट व्हायचं. पण तो वेळ इतका मोठा असतो की पोलादाचा सगळा धंदा त्याच्या भरवशावर चालतो.

तिसरा धातू म्हणून ॲल्युमिनियमचा विचार होता, तो सोडला. ॲल्युमिनियम कार्बाइड दमट हवेत हळूहळू मिथेन सोडत हायड्रॉक्साइड होतं. पुण्यातल्या पावसाळ्यात असले नमुने सांभाळत बसायची हौस नाही.

डोसचा हिशोब. चिपवाले चौरस सेंटिमीटरला १० च्या १२ व्या ते १६ व्या घाताइतके आयन मारतात. विल्यम शॉकलीने १९५४ मध्ये अर्ज केलेलं आणि १९५७ मध्ये मिळालेलं पेटंट त्याच कामाचं होतं. त्यांना लाखात एखादा परका अणू पुरतो. आम्हाला मात्र शंभरातले वीस-तीस कार्बन हवेत, म्हणून १० चा १७ वा घात गाठावा लागणार. लोखंडाला त्याच्या दुप्पट, टायटॅनियमला दुप्पट आणि चौपट. यापुढे ‘दोनचा डोस’ आणि ‘चारचा डोस’ एवढंच लिहीन.

२७ जुलै

सिम्युलेशन चालवलं. १०० किलोव्होल्टने टायटॅनियममध्ये शिरलेला कार्बन सरासरी १८० नॅनोमीटरवर थांबतो, पुढेमागे साठेक नॅनोमीटर पसरतो. दोनच्या डोसला मधल्या थरात १९ टक्के कार्बन, चारच्या डोसला ३२ टक्के. हा ३२ चा आकडा कामाचा आहे. टायटॅनियम कार्बाइडला कार्बनच्या जागा बऱ्याच रिकाम्या असल्या तरी चालतं, आणि त्याची खालची मर्यादा जवळपास इथेच येते. म्हणजे चारच्या डोसला मधला थर अख्खा कार्बाइड होऊ शकतो. दोनच्या डोसला टायटॅनियममध्ये विखुरलेले कण मिळतील.

लोखंडाला ५० किलोव्होल्टच. खोली साठ नॅनोमीटर, पसारा सत्तावीस. दोनच्या डोसला शिखरावर २६ टक्के कार्बन बसतो, आणि सिमेंटाइटमध्ये तो २५ टक्के असतो. खोली मुद्दाम कमी ठेवली, कारण मोजणी ज्या पद्धतीने करायची आहे तिला वरचे शंभरेक नॅनोमीटरच नीट दिसतात.

३ ऑगस्ट

पॉलिशिंग. लोखंडाचा पत्रा अर्धा मिलिमीटर जाडीचा, ९९.९९ टक्के शुद्ध. प्रमाणपत्रावर कार्बन १० पीपीएमच्या (दहा लाखांत दहा भागांच्या) आत लिहिलाय. तो कागद फाइलला लावून ठेवला, कार्बनच मोजायला निघालोय तर पत्र्यात आधीचा किती होता हे हाताशी असलेलं बरं.

९ ऑगस्ट, बीमचा दिवस

सोर्समध्ये कार्बन डायऑक्साइड सोडला. प्लाझ्मात त्याचे तुकडे पडतात आणि चुंबक त्यांना वजनाप्रमाणे वेगळं काढतो: १२ वर कार्बन, १६ वर ऑक्सिजन, २८ वर कार्बन मोनॉक्साइड, ४४ वर अख्खा रेणू. २८ चा प्रवाह सगळ्यांत तगडा होता. ऑपरेटरदादांनी विचारलंसुद्धा, ‘हाच घेऊ या का, वेळ वाचेल?’ पण २८ वर नायट्रोजनचा रेणूही असतो, आणि कार्बन मोनॉक्साइडबरोबर तेवढाच ऑक्सिजन टायटॅनियममध्ये जाणार. १२ वरच थांबलो.

प्रवाह चौरस सेंटिमीटरला पाच मायक्रोअँपिअर. दोनच्या डोसला पावणेदोन तास, चारच्या डोसला साडेतीन. १०० किलोव्होल्टला हे चौरस सेंटिमीटरमागे अर्धा वॅट होतं. ऐकायला किरकोळ, पण निर्वातात उष्णता जायला धारकाशिवाय वाट नसते. नमुन्यामागे तांब्याचा जाड ठोकळा, त्यावर चांदीचा लेप. थर्मोकपल १५० °से.च्या वर गेलं नाही. या प्रयोगाचा अर्धा जीव त्या आकड्यात आहे, कारण पुढे भट्टीत काय झालं हे सांगायचं तर बीमखालीच नमुना भाजला नाही याची खात्री लागते.

द्रव नायट्रोजनचा सापळा सकाळपासून भरत होतो. पंपाच्या तेलाची वाफ बीमखाली फुटते आणि नमुन्यावर तपकिरी कार्बनचा डाग धरते. इतर कामात तो डाग पुसून चालतं. इथे तो वरून आलेला कार्बन कोणता आणि आत घुसवलेला कोणता, हे नंतर कोण सांगणार? म्हणून प्रत्येक नमुन्याची एक कड मास्कखाली कोरी ठेवली.

१० ऑगस्ट

लोखंडाचे तुकडे झाले. ५० किलोव्होल्ट, दोनचा डोस, तापमान १०० °से.च्या खाली.

२१ ऑगस्ट

टायटॅनियमचं एक्स-रे डिफ्रॅक्शन (एक्स-रे कुठल्या कोनांत जोरात परततात, म्हणजे शिखरं कुठे येतात, त्यावरून स्फटिक ओळखायचा), एक अंशाच्या तिरक्या कोनातून. या कोनात तांब्याचा एक्स-रे टायटॅनियममध्ये साधारण १९० नॅनोमीटर उतरतो, आमचा थर बरोबर तिथेच आहे.

भट्टीत न घातलेलाच नमुना आधी लावला. कार्बाइडचं पहिलं शिखर ३५.९ अंशांवर यायला हवं, पण तिथे शेजारीच ३५.१ वर टायटॅनियमचं स्वतःचं शिखर बसलंय. रुंद झाली की दोन्ही एकमेकांत मिसळतात. भरवसा दुसऱ्यावर ठेवायचा, (२००) नावाच्या शिखरावर, ४१.७ अंशांपाशी. शेजारचं टायटॅनियमचं शिखर ४०.२ वर, म्हणजे मधे दीड अंश मोकळा.

चारच्या डोसला तिथे फुगवटा आहे. मध्य ४२.० वर, रुंदी पावणेदोन अंशांच्या घरात, म्हणजे कण पाचेक नॅनोमीटरचे. दोनच्या डोसला तोच फुगवटा, पण बसका.

म्हणजे कार्बाइड आधीच तयार आहे, भट्टीचं तोंडही न बघता. पाठ्यपुस्तकं ‘रोपण करावे, नंतर उष्णोपचाराने कार्बाइड तयार होते’ अशा ओळीवर सगळं उरकतात. ती ओळ निदान टायटॅनियमच्या बाबतीत खरी नाही. आत शिरणारा एकेक आयन वाटेत शेकडो अणू जागेवरून उडवतो. एवढ्या डोसला थरातला प्रत्येक अणू डझनावारी वेळा हललेला असतो. दर धडकेनंतर अणू पुन्हा बसायला जागा शोधतात, आणि कार्बनशेजारची जागा त्यांना स्वस्त पडते. षट्कोनी टायटॅनियमचे थर नुसते सरकले तरी घनाकृती रचना होते आणि कार्बन मधल्या पोकळ्यांत बसतो. त्याला वेगळी उष्णता लागत नाही.

१ सप्टेंबर

भट्टी. वर्कशॉपमधल्या काकांकडून टँटलमचा पातळ पत्रा मागून आणला आणि नमुने त्यात गुंडाळले. तापलेलं टायटॅनियम उरलेला ऑक्सिजन ओढून घेतं. नुसतं ठेवलं तर बाहेर काढताना सोनेरी, जांभळं, निळं काहीही दिसतं आणि मग मोजायचं कार्बाइडऐवजी ऑक्साइड. गुंडाळलेले नमुने ५०० °से.ला तासभर राहूनही राखाडीच निघाले. एका तुकड्याची कड जरा पिवळसर. ती कड मोजणीत घेणार नाही.

काका विचारत होते, ‘एवढ्या नखभर तुकड्यासाठी एवढा महाग पत्रा?’ परत देईन म्हटलंय.

६ सप्टेंबर

५०० °से.नंतर टायटॅनियमचा फुगवटा बारीक झाला: रुंदी एक अंशाच्या खाली, कण दहा नॅनोमीटरच्या आसपास. मध्य ४२.० वरून ४१.८ कडे सरकला. कार्बन भरला की अणूंची जाळी फुगते, ४.३० ॲंगस्ट्रॉमवरून ४.३३ कडे जाते, आणि शिखर डावीकडे येतं. म्हणजे भट्टीने इथे दोनच कामं केली: कण मोठे केले आणि त्यांच्या रिकाम्या जागांत कार्बन भरला.

टायटॅनियमही कार्बन पोटात विरघळवून घेऊ शकतं. पण ५०० ला कार्बन त्यात तासाभरात मायक्रॉनभर जेमतेम सरकतो, आणि विरघळण्याची मर्यादाही लहान. थर शाबूत राहिला याचं कारण हे. टायटॅनियमचा भाग इथे थांबवते, लोखंडात जास्त गंमत आहे.

१२ सप्टेंबर

लोखंडाला तांब्याच्या एक्स-रेचा उपयोग नाही. ते लोखंडाला स्वतःलाच चमकवतात आणि पार्श्वभूमीत सगळं बुडतं. म्हणून मॉसबाउअर. ही पद्धत लोखंड-५७ च्या केंद्रकाला विचारते, तुझ्या आजूबाजूला चुंबकीय क्षेत्र किती? शुद्ध लोखंड ३३ टेस्ला म्हणतं, सिमेंटाइट २०.८. हॅग कार्बाइड (पाच लोखंड, दोन कार्बन, नाव स्वीडिश स्फटिकशास्त्रज्ञ गुन्नार हॅग यांच्यावरून) तीन वेगवेगळी उत्तरं देतं, साधारण २२, १८ आणि ११, कारण त्यात लोखंडाच्या जागाच तीन प्रकारच्या. षट्कोनी एप्सिलॉन कार्बाइड १७ च्या आसपास. आपण गामा किरणांऐवजी बाहेर पडणारे ७.३ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे इलेक्ट्रॉन मोजतो, म्हणून फक्त वरचा थर दिसतो. डिटेक्टरमध्ये हेलियम आणि चार-पाच टक्के मिथेन.

नैसर्गिक लोखंडात लोखंड-५७ फक्त २.१ टक्के, आणि आमचा कोबाल्ट-५७ चा स्रोत म्हातारा झालाय (अर्धायुष्य २७२ दिवस). एका नमुन्याला आठवडा धरून चालायचं.

भारतात मॉसबाउअर रुजवणाऱ्यांत वि. गो. भिडे हे मोठं नाव. ते पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. आमच्या विभागातल्या जुन्या मंडळींच्या बोलण्यात ते अजून ‘भिडेसर’च असतात.

१८ सप्टेंबर

उद्या गणपती. नदीपात्रातला ढोल-ताशाचा सराव महिनाभर प्रयोगशाळेत ऐकू येतोय. या यंत्रात स्रोत सेकंदाला काही मिलिमीटर वेगाने मागेपुढे होतो आणि एका रेषेची रुंदी सेकंदाला पाव मिलिमीटरच्या वर थोडीशी. खिडक्यांची तावदानं थरथरतात तर हेही थरथरत असणार, असं सगळ्यांचं मत. म्हणून संध्याकाळी सात ते दहाच्या फाइली वेगळ्या काढून पहाटेच्या फाइलींशी ताडून बघितल्या. रुंदीत फरक नाही. यंत्राखालचं वाळूचं टेबल चांगलं आहे. ढोलवाल्यांवरचा आळ मागे घेतला.

३ ऑक्टोबर

न तापवलेलं लोखंड. ३३ टेस्लाच्या सहा उभ्या रेषा ठसठशीत, आणि त्यांच्या आत सतराच्या आसपास रुंद, ओघळलेल्या रेषा. एप्सिलॉन. त्याच्या बुडाशी हॅगसारखंही काही आहे, पण रेषा इतक्या रुंद की पैज लावणार नाही. कार्बाइडचा एकूण हिस्सा स्पेक्ट्रमच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास.

म्हणजे लोखंडातही भट्टीआधीच कार्बाइड! टायटॅनियमचं समजू शकते, तिथे उर्जेचा उतार आहे. लोखंडात चढ आहे, तरीही. कारण दुसरा पर्याय त्याहून महाग: फेराइटमध्ये (लोखंडाच्या नेहमीच्या रूपात) कार्बनला जागाच नाही, ७२७ °से.लासुद्धा वजनाने जेमतेम ०.०२ टक्के. आणि ग्राफाइट जमवायला अणूंना जितका प्रवास लागतो तितका शंभर अंशांखाली होत नाही. अशा कोंडीत जे पटकन जुळतं ते होतं. एप्सिलॉनमध्ये लोखंडाचे अणू फारसे हलवावे लागत नाहीत.

१४ ऑक्टोबर

३०० °से., एक तास. एप्सिलॉन गेलं, हॅगच्या तिन्ही रेषावळी स्वच्छ सुट्या झाल्या. ११ टेस्लाची आतली रेषावळ सुटी दिसली तेव्हा मॅडमना लगेच फोटो पाठवला. हिस्सा तेवढाच, चाळीसला थोडा कमी.

२३ ऑक्टोबर

४०० °से. आता एकच, २०.८. सिमेंटाइट. हिस्सा पस्तीसच्या थोडा वर. पोलादाला टेंपरिंग करताना (कडक केलेलं पोलाद पुन्हा बेताने तापवताना) हीच वाट दिसते: एप्सिलॉन, हॅग, सिमेंटाइट. फरक एवढाच की तिथे कार्बन मार्टेन्साइटने (झटकन थंड केलेल्या पोलादाच्या कडक रूपाने) आधीपासून धरून ठेवलेला असतो, इथे तो आम्ही बाहेरून मारलाय.

२ नोव्हेंबर

५०० °से. काहीच नाही. ३३ टेस्लाच्या सहा रेषा आणि मधे सपाट रेघ. नमुना उलटा लागलाय का, म्हणून मास्कची कड तपासली. बरोबर लागलाय. कार्बाइड गेलं.

४ नोव्हेंबर

काल मॅडम म्हणाल्या, ‘सिमेंटाइट मुळातच अस्थिर, फुटलं असेल. ग्राफाइट शोध.’ पण ५०० ला तासाभरात सिमेंटाइट फुटत असतं तर बॉयलरची नळी कुणी पोलादाची केली नसती. रात्री बसून दुसरा हिशोब केला.

५०० °से.ला लोखंडात कार्बन तासाभरात शंभराहून जास्त मायक्रॉन जातो, आमच्या थराच्या जाडीच्या हजारपट. त्याला अडवतो तो विरघळण्याचा कोटा. फेराइटमध्ये ३०० °से.ला वजनाने ५ पीपीएमच्या आसपास, ४०० ला १८, ५०० ला ४५ च्या पुढे. आता आमचा कार्बन किती? दोनचा डोस अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्यात सारखा पसरला तर फक्त १० पीपीएम! पत्र्यातला आधीचा दहा धरला तरी वीस. ५०० ला कोटा त्याच्या दुपटीहून मोठा आहे. सगळं कार्बाइड पत्र्याच्या पोटात जिरलं, फुटायची गरजच पडली नाही. ४०० ला कार्बन बराच हळू सरकतो, तासाभरात पत्र्याच्या थोड्याशाच जाडीत पोचतो, म्हणून थोडंसंच कमी झालं. ३०० ला जागाच नव्हती.

पातेलंभर चहात चमचाभर साखर दिसेनाशी होते, तीच घोटभर चहात टाकली तर तळाशी उरते. आम्ही साखरेकडे बघत होतो, पातेल्याकडे नाही.

हे खरं असेल तर कार्बाइड कुठल्या तापमानाला जातं याचं उत्तर पत्र्याच्या जाडीवर ठरलं पाहिजे. २५ मायक्रॉनचा वर्ख घेतला तर हाच डोस २०० पीपीएम होतो. ५०० ला त्यातले ३५ च्या आसपास विरघळतील आणि कोटा भरेल. साधारण पाचवा भाग जाईल, बाकी सिमेंटाइट राहिलंच पाहिजे. मॅडमना आकडे दाखवले. त्यांनी दोनदा तपासले आणि म्हणाल्या, ‘वर्ख मागव.’

८ डिसेंबर

वर्खावर बीम झाला. इतका पातळ की चांदीच्या लेपाने नीट बसत नव्हता, चारही बाजूंनी चौकट करून दाबला. प्रवाह निम्मा ठेवला, वेळ दुप्पट गेला. शुद्धता आधीच्याच पत्र्याची, जाडी सोडून काही बदललं नाही.

५ जानेवारी २०२४

वर्ख, ४०० °से.: सिमेंटाइट, हिस्सा अडतीस टक्के.

१६ जानेवारी

वर्ख, ५०० °से., तोच एक तास, तीच भट्टी. सिमेंटाइट आहे! २०.८ च्या सहाही रेषा जागेवर, आधीपेक्षा बारीक आणि टोकदार. जाड पत्र्यात याच तापमानाला सपाट रेघ होती.

हिस्सा मात्र सत्तावीस टक्के. हिशोबाने एकतीसच्या आसपास राहायला हवा होता. पाचव्या भागाऐवजी पावाहून जास्त गेलं. एक शक्यता अशी की कण मोठे होताना काही खोलवर सरकले आणि इलेक्ट्रॉनांना दिसेनासे झाले. दुसरी, थोडं खरोखरच ग्राफाइट झालं. रामनवर (लेझरच्या विखुरलेल्या प्रकाशावरून कार्बन ओळखायची पद्धत) १३५० आणि १५८० ला ग्राफाइटसारख्या कार्बनचे क्षीण उंचवटे मिळाले, पण मास्कखालच्या कोऱ्या कडेवरही तसेच आणि तेवढेच, म्हणजे ते वरचं तेल. ग्राफाइटची बाजू सध्या तरी कमजोर. वर्ख पालटून मागची बाजू मोजायची सूचना आली होती. तिकडे विरघळलेला कार्बन काही डझन पीपीएमच असणार, या पद्धतीला टक्काभराखालचं दिसत नाही. तो आठवडा वाया घालवणार नाही.

त्याऐवजी दोन तापमानं वाढवतेय, आणि आकडे भट्टीआधीच इथे लिहून ठेवते. ६०० °से.ला कोटा ९५ पीपीएमच्या आसपास, वर्खातलं चाळीस टक्क्यांहून थोडं जास्त कार्बाइड जायला हवं. ७०० ला कोटा १७० च्या घरात, पाचातले चार भाग जायला हवेत. सोमवारची भट्टी मिळालीये, टँटलमचा पत्रा अजून माझ्याकडेच आहे.